कडोदऱ्याच्या पिवळ्या खांबाचा खुलासा

कडोदरा (सुरत)
१० एप्रिल १९९६

तीर्थरूप किसनमामा यांना,

तुमच्या भटूचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही, डावा गुडघा सुजलाय. त्याचं कारण ओघात येईलच.) मी इथे बरा आहे. तुमचा दमा कसा आहे? सरलामामींना सांगा, कुरडया पोचल्या. अर्ध्यांचा चुरा झाला होता, पण तो चुराही तळून खाल्ला, काही वाया घालवलं नाही. गायीला कालवड झाली की गोऱ्हा, ते तुम्ही मागच्या पत्रात लिहायचं विसरलात. उज्ज्वलाचा शिवणाचा क्लास संपला असेल. (सहज विचारतोय.)

मामा, गेल्या आखाजीला झोक्याजवळ उभं राहून तुम्ही मला चार माणसांत सुनावलंत, की दोन वर्षांत तीन कारखाने बदलणाऱ्या माणसाशी मी काही बोलणार नाही, आधी वर्षभर एका जागी टिकून दाखव, मग पुढचं बघू. मला राग आला होता, पण मी टिकलो. येत्या आखाजीला या लूमच्या कारखान्यात मला वर्ष भरतं. आणि नेमके दहा दिवस उरलेले असताना माझी नोकरी एका लोखंडी खांबात अडकली आहे. खांब हलला नाही तर तू हल, असं शेठ म्हणतात. आणि खांबाला हात लावायला मनाईही तेच करतात. हे असं कसं झालं ते मी रोज स्वतःला पहिल्यापासून सांगून बघतो आणि मध्येच कुठेतरी चुकतो. तुम्ही शांतपणे वाचा, तुम्हाला कदाचित उलगडेल.

मूळ भानगड भाईदासच्या टेम्पोपासून आहे. भाईदास रोज टेम्पो उलटा घेत शेडच्या आत आणतो आणि कापडाचे ताके भरून नेतो. त्याच वाटेच्या कडेला आमच्या बाया कांडीच्या यंत्रांवर सूत भरत बसतात. होळीच्या आधी त्याने टेम्पो असा काही मागे घेतला, की भागीरथीमावशीचं स्टूलच चेपलं. (भागीरथीमावशी म्हणजे शिंदखेड्याकडची. मला डब्यातली भाकरी देते आणि भाकरी संपेपर्यंत बोलणीही देते.) ती नशिबाने पाणी प्यायला उठली होती. स्टुलाच्या काटक्या झाल्या, डबा पापडासारखा चपटा झाला, आणि मावशी गडू हातात धरून नुसती बघत उभी राहिली. मामा, मला दोन दिवस जेवण गेलं नाही. शेठ बन्सीलालही हादरले. त्यांचा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने सांगितलं, की मोठ्या कारखान्यांत बायामाणसं आणि गाड्या यांच्यामध्ये पोलादी कठडा घालतात. कमरेएवढे उंच, जाड चौकोनी खांब जमिनीत पक्के रोवायचे आणि त्यांना दोन आडवे गर्डर बोल्टने आवळायचे, एक गुडघ्याच्या उंचीला, एक कमरेला. म्हणजे गाडी घसरली तरी खांबावर येईल, माणसावर येणार नाही. मला हे फार आवडलं. शेठ म्हणाले, भटू, आ काम तारुं, म्हणजे हे काम तुझं. मी छाती फुगवून हो म्हणालो.

माल आला. आठ खांब, सगळे हळदीसारखे पिवळेजर्द. (लांबून दिसावेत म्हणून तसाच रंग देतात म्हणे.) गर्डर भिंतीशी आडवे ठेवून घेतले, आणि ठेवून मागे वळलो तो खांबावर आपटून पहिला बळी माझाच गेला. तोच हा डावा गुडघा. भाच्याने कागदावर आखून दिलं होतं, एक नंबरचा खांब दाराच्या खूण केलेल्या बाहीपासून डावीकडे, सहा फुटांवर. मी डावीकडे सहा फूट मोजले, खड्डा घेतला, काँक्रीट ओतलं, चार बोल्ट सोडले, ओळंबा धरून खांब असा सरळ उभा केला, की मीच दोनदा लांब जाऊन बघून आलो. आता भाच्याने दारात उभं राहून आत बघत डावीकडे म्हटलं होतं आणि मी लूमकडे उभं राहून दाराकडे बघत डावीकडे मोजलं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. अजूनही नीट कळलंय असं नाही. मी दोन्हीकडे उभा राहून हात वर करून बघतो, आणि दोन्ही वेळा मला मीच बरोबर वाटतो.

पण त्याआधी एक झालं. काँक्रीट ओलं असतानाच भागीरथीमावशी तिथे आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, पहिली मेढ अशी कोल्ली रोवतस का रे भाऊ? म्हणजे कोरडी. मी म्हटलं, मावशी, हा कठड्याचा खांब आहे, मांडवाचा नाही. ती म्हणाली, खांब तो खांब, आणि याला तर हळदही लागलेली आहे. मग काय, तिने पाच सवाष्णी गोळा केल्या, कुंकू लावलं, नारळ ठेवला, आंब्याच्या डहाळीचा टाळा बांधला, आणि कांडीवरच्या बायांनी लूमच्या खडखडाटात लग्नाची गाणीसुद्धा म्हटली. मला वाटलं, बायांची हौस आहे, होऊ दे. मी प्रसादाचं खोबरं खाल्लं आणि खोलीवर गेलो.

सकाळी भाईदासचा टेम्पो दारातून अर्धा आला आणि थांबला. त्याच्या मागे, वाटेच्या बरोब्बर मधोमध, नारळ-टाळ्यासकट माझा खांब! शेठ धावत आले, कपाळाला हात लावला, म्हणाले, काप आत्ताच्या आत्ता. मी गॅसकटर आणला, तर बाया खांबाभोवती उभ्या. मुहूर्तमेढ रोवली की लग्न लागेपर्यंत ती हलवत नाहीत, हे मलाही माहीत आहे, पण ही मुहूर्तमेढ नाहीच, असं मी म्हणत होतो. मग ही कोणती, असं त्या विचारत होत्या. शेवटी मी शेठकडे बघितलं. तर शेठचा चेहरा उतरलेला. त्यांच्यातही लग्नाआधी माणेकथंभ रोवतात आणि तोही मध्येच उपटत नाहीत! कटरची नळी त्यांनी स्वतः माझ्या हातातून घेतली. मग हळूच विचारलं, लग्न कोणाचं आहे? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेडमध्ये प्रत्येकाचं लग्न झालेलं आहे, काहींचं दोनदा. एकटा मी उरलो. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या आणि माझ्या तोंडून, माझं, असं निघून गेलं. मुलगी कोण, असंही शेठनी विचारलं. मी काहीतरी बोललो खरा, पण लूम चालू होते, काय बोललो ते आठवत नाही. शेठ म्हणाले, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, तिला मुहूर्त बघावा लागत नाही, तोवर उरकून टाक. नाही उरकलं तर दुसरा फिटर आणेन, तो अधर्मी बघूनच आणेन.

तेव्हापासून ताके लूमपासून दारापर्यंत डोक्यावर न्यावे लागतात, आणि डोकं बहुतेक वेळा माझंच असतं. उरलेले सात खांब आणि गर्डर भिंतीशी तसेच पडले आहेत. त्यात परवा वेगळंच झालं. भाईदास सवयीप्रमाणे, मागे न बघता, भरधाव उलटा आत आला. ब्रेक लागला नाही म्हणतो. धडाम आवाज झाला. टेम्पोचं मागचं फळकूट आत गेलं, नारळ उडून लूमखाली गेला, पण खांब तसूभर हलला नाही. मी धावलो, तर खांबाच्या मागे, चार हातांवर, भागीरथीमावशी नव्या स्टुलावर बसलेली. या वेळी ती उठलेली नव्हती. मामा, मी तिथेच खाली बसलो आणि सगळ्यांदेखत रडलो. खांब चुकीच्या जागी होता म्हणून ती वाचली. मग जागा चुकली की बरोबर होती? शेठना विचारलं तर ते म्हणाले, खांब सारो छे, पण आखाजीनंतर काढ. मावशीने नवीन नारळ आणून ठेवला आणि मला दोन भाकऱ्या जास्त दिल्या.

तर असं आहे. यात माझी चूक किती आणि खांबाची किती, ते तुम्ही ठरवा. वर्ष भरायला दहाच दिवस आहेत, तेवढं ध्यानात ठेवा. मामींना नमस्कार. प्रकृतीला जपा, शेतात धुळीत जाऊ नका.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
भटू

ता. क. मुलगी कोण विचारल्यावर मी काय बोललो ते आठवलं. किसनमामांची उज्ज्वला, असं बोललो. लूम चालू असूनही सगळ्यांनी ऐकलं म्हणे.

ता. क. २. आखाजीला सकाळी शेडमधली चाळीस माणसं भाईदासच्या टेम्पोतून (फळकूट ठोकून सरळ केलंय) तुमच्या दारात येणार आहेत. शेठ पुढे भाईदासशेजारी बसणार. माझी ना नव्हती, पण हो म्हटल्याचंही आठवत नाही. तुमचा नकार असेल तर लगेच तार करा, म्हणजे टेम्पो निघण्याआधीच थांबवता येईल. नवापूरच्या पुढे गेला तर बाया ऐकायच्या नाहीत.

ता. क. ३. मामा, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. खांबाची जागा चुकली ती खरंच चुकली. पण आंब्याचा टाळा मावशीने आणलेला नव्हता. समोरच्या झाडावर चढून तो मीच काढून आणला, आणि तिला बोलावून आणलं तेही मीच. ती यायच्या आत ओल्या काँक्रीटमध्ये खिळ्याने उज्ज्वलाचं नाव लिहिलं आणि त्यावर खांब बसवला. त्या वेळी मात्र माझा काही गोंधळ झाला नव्हता.