चांदी रंगाखालची चीर

कामरगाव

पंजाबरावभाऊ, सलाम.

तुमच्या शेतातल्या त्या चार जाड चाकाच्या एटीव्ही गाडीचं इंजिन डिझेलनं धुताना मी मळ पेचकसनं खरडला, तवा खाली केसावानी बारीक चीर दिसली. आधीचीच होती का माह्या पेचकसनं पडली, अल्ला जाने. मी घाबरलो अन् वरून चांदी रंग मारून देला. तुमी खुश होऊन म्हणाले, "तौकीर, नवंच करून देलं लेका!"

तो मळच तेल अडवून होता, भाऊ. आता तेल तापलेल्या सायलेन्सरवर गळलं तर पेट घेईन. अन् तुमची पोरगी समीक्षा रोज त्याच गाडीवर वांग्याचे कॅरेट नेते. चार दिवस झाले, तोंडावर सांगाची हिंमत नाही झाली, म्हणून आज लिहून राह्यलो.

तिच्याच गाडीचा आवाज येऊन राह्यला. चिठ्ठी राहू द्या, मी रस्त्यात आडवा उभा राह्यतो.

तुमचा गुन्हेगार,
तौकीर मिस्त्री