फाटकाबाहेरची खंडेनवमी

अण्णा,

माझ्या हातानं काय काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं मी कोणत्या तोंडानं लिहितोय ते कळेल. पितळी तोंडाचा हातोडा, घाव घातला तरी घडवायच्या तुकड्यावर वण न उठवणारा. पोलादी गुण्या, काटकोनात लावून उजेडासमोर धरला तर फटीतून रेघसुद्धा दिसत नाही. पंपाच्या कव्हरला भोकं पाडायचं फिक्स्चर, ज्याची नक्कल करायला दोघांनी घेतली आणि दोघांनी सोडली. घरच्या देव्हाऱ्याच्या बिजागऱ्या, मुलीचा पाळणा, पुरणयंत्राची नवी जाळी. आणि तुमच्या काठीचं टोक, ज्याला तुम्ही शेवटपर्यंत ‘जरा तिरकं आहे’ म्हणत राहिलात. तिरकं नव्हतं. तुमचं चालणं तिरकं झालं होतं.

लोक म्हणतात, मला तुम्ही घडवलंत. तेही तितकंसं खरं नाही. आयटीआयचं तोंड मी पाहिलं नाही. आपल्या टूलरूममध्ये, जिथं बाकी कारखान्याला लागणारे साचे आणि पकडी तयार होतात, तिथं मी झाडू मारायला लागलो होतो. तुम्ही शिकवलं नाहीत. मी बघत उभा राहिलो तर हाकललं नाहीत, एवढंच. माझा पहिला तुकडा तुम्ही हातात घेतलात, एकदा फिरवलात आणि सगळ्यांसमोर भंगाराच्या डब्यात टाकलात. “कानस चालवलीस का कणीक मळलीस?” सगळे हसले. मी तो तुकडा डब्यातून परत काढला आणि पुरता सपाट होईपर्यंत घासला. त्या वर्षी खंडेनवमीला तुम्ही मला अक्षरांचे पंच दिलेत, तुमचे स्वतःचे, कापडात गुंडाळलेले. म्हणालात, “केलेल्या हत्यारावर नाव ठोकत जा. नाव नसेल तर ते कुणाच्याही बापाचं.” तेव्हापासून टूलरूममधला प्रत्येक जण आपापल्या हत्यारावर नाव ठोकतो, त्याच पंचांनी. आता पंच माझ्या खणात असतात.

यंदा नवरात्राच्या तोंडावर आपल्या टूलरूममधली निम्म्याहून जास्त माणसं काढली. सांगितलं नाही, बोलावलं नाही. सकाळी फाटकाशी कार्ड लावलं, दिवा लाल. ज्याचा हिरवा तो आत, ज्याचा लाल तो बाजूला. मी आत. बाहेर राहिलेल्यांची हत्यारं लॉकरमध्येच अडकली, मागितली तर ऑफिसचं उत्तर आलं की कंपनीच्या मालमत्तेची तपासणी झाल्यावर बघू. कंपनीची मालमत्ता! नावं ठोकलेली आहेत त्यांच्यावर.

माझ्या शेजारच्या बेंचवरचा, यवतमाळकडचा, येरवड्यात भाड्यानं राहतो, त्याचा अष्टमीला फोन आला. मला वाटलं नोकरीबद्दल बोलेल. म्हणतो, “भाऊ, उद्या पूजेले काय ठेवू? घरात बायकोची विळी हाये अन् पोराचा कंपास. आमचे हत्यारं काऊन अडकवले यायनं?” फोन ठेवला आणि लॉकरच्या जादा किल्ल्यांचा जुडगा शोधला, तो माझ्याकडंच असतो.

खंडेनवमीचा थाट तसाच असतो हो अजून. मशीन बंद, हत्यारं पुसून बेंचवर मांडलेली, झेंडूचे हार, आणि तुम्ही गेल्यापासून नारळ मी फोडतो. त्या दिवशी मी सकाळीच आलो, काढलेल्या प्रत्येकाचं लॉकर उघडलं, हत्यारं पुसली, ट्रॉलीवर ठेवली आणि ट्रॉली सरळ मोठ्या फाटकाकडं ढकलली. मागच्या दारानं नाही. वॉचमन आडवा आला.

“काका, पास?”

“वाचता येतं ना? एकेकावर नाव आहे. ज्याचं त्याला द्यायला चाललोय.”

“माझी नोकरी जाईल हो.”

“मग साहेबांना फोन कर आणि सांग, जबरदस्तीनं नेली. खोटं बोलावं लागणार नाही तुला.”

बाहेर फुटपाथवर चादर अंथरली. माणसं जमली होती. मीच बोलावली होती. ज्याची हत्यारं त्याच्यासमोर लावली, सरळ रेषेत, कानशी डावीकडं, व्हर्नियर कापडावर. यवतमाळवाल्यानं आपला हातोडा उचलला, नावावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला. आत मोठे साहेब नारळासाठी थांबले होते. मी तो बाहेर फोडला.

इथं गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण काढलेल्यांतलाच एक, चांगला कारागीर, हळद-कुंकू लावून झाल्यावर मला म्हणाला, “तुमची नोकरी आहे म्हणून पूजा सुचते, काका. आम्हाला कुठं काम लागतं का ते सांगा.” बरोबर बोलला. राग मात्र आला. आतले जाळीपाशी उभे राहून बघत होते, वर्षानुवर्षं एका डब्यात जेवलेले. एक जण बाहेर आला, पेढा घेतला, फाटकावरच्या कॅमेऱ्याकडं बघितलं आणि तोंड पुसत परत गेला. युनियनच्या पुढाऱ्यानं आतल्या हार घातलेल्या मशीनपुढं उभं राहून फोटो काढला आणि मोबाइलवर स्टेटस ठेवलं: आम्ही तुमच्यासोबत.

मला तेव्हा तुम्ही आठवलात, आणि प्रेमानं नाही. तुमच्या वेळीही माणसं काढली होती. सगळी टूलरूम बाहेर बसली होती, तुम्ही सर्वांत पुढं, मी तुमच्या मागं. मग एके दिवशी तुम्ही डबा घेऊन आत गेलात. ताठ मानेनं. थोड्याच दिवसांत फोरमन झालात. मी तुमच्या कसब्यातल्या खोलीवर आलो, भांडायचं ठरवून. काकू स्वयंपाकघरात पिठलं ढवळतायत, धाकटीच्या लग्नाच्या पत्रिका ओट्यावर ठेवलेल्या, तुम्ही पाटावर. “आधी जेव,” तुम्ही म्हणता. “बाहेर बसून कुणाचं पोट भरलंय?” मी जेवलो. एक शब्द बोललो नाही. तुम्हाला अण्णा म्हणायचं मात्र थांबवलं नाही. त्यामुळं तुम्हाला कधी कळलंच नसेल.

दसऱ्यानंतर मला ऑफिसात बोलावलं. वाटलं, आपलाही दिवा लाल. समोर माझ्या मुलीच्या वयाची बाई, फार गोड. “बसा ना सर. तुम्ही तर आमची फॅमिली आहात.”

“घरच्यांची कार्डं फाटकावर बंद करत नाहीत, बाई.”

ती हसली आणि पुढं बोलू लागली. टूलरूमचं काम आता ठेक्यानं द्यायचंय. मी राजीनामा द्यायचा आणि ठेका घ्यायचा. “काढलेल्यांतले हवे ते घ्या, रोजंदारीवर. तुमच्या शब्दावर येतात ना ते, बघितलं आम्ही.” कॅमेऱ्यात बघितलं होतं त्यांनी. चादर, नारळ, माणसं. माझ्या पूजेत त्यांना दिसलं ते एवढंच, की हा माणसं गोळा करू शकतो. मी विचारलं, “हत्यारावर नाव कुणाचं ठोकायचं?” तिला कळलं नाही. मी नाही म्हणून उठलो.

यवतमाळवाल्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “रोजी तं रोजी, भाऊ. मले तरी इचाराचं होतं.” आता तो त्याच कामाला दुसऱ्या ठेकेदाराकडं जातो. फाटकाशी दिसला तर मान हलवतो. मला विचारायला हवं होतं, हे मान्य. विचारूनही मी नाहीच म्हणालो असतो.

हे पत्र टाकायचं कुठं? तुमच्या खोलीत आता मोबाइलच्या कव्हरांचं गोदाम आहे. पंचांच्या खणात ठेवीन. तुम्हाला तेव्हा काय देऊ केलं होतं, ते मी पिठलं खाताना विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत. माझं मी सांगतो. माणसांची मजुरी सोडून, मला एकट्याला, महिन्याला एक लाख दहा हजार. नाही म्हणालो. घरी बायकोला सत्तर हजारच सांगितलेत.