साडेचार इंचांची भिंत

तीर्थस्वरूप सिस्टर यांना,

पाचव्या गल्लीतल्या शिवणवालीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणण्यापुरताच. सध्या एक अंग कामातून गेलं आहे, ते पुढे लिहिते.) तुमचा गुडघा कसा आहे? दहाव्या मजल्यावर वारा भरपूर असेल, पण लेकीला म्हणावं, आईला रोज खाली फिरायला नेत जा. जन्मभर दवाखान्यात दुसऱ्यांना पथ्य सांगणारं माणूस स्वतः किती पाळतं, हे मी तेवीस वर्षं शेजारी राहून पाहिलं आहे.

इकडे सगळं क्षेम. गावाला गाव म्हणायची सोय राहिली नाही, एवढंच. तुम्ही गेल्यापासून दहा महिन्यांत आपल्या गल्लीला नावाची पाटी लागली, कोपऱ्यावर बसथांबा आला आणि रस्ता तीनदा खणून दोनदा बुजवला (तिसरा खड्डा माझ्या दारात आहे, गिऱ्हाइकं फळीवरून येतात आणि मापं देताना धापा टाकतात, त्यामुळे छातीचं माप दोन बोटं जास्त भरतं).

तुमच्या जागेत एक मोजणीदार राहायला आला आहे. नव्या बाह्यवळण रस्त्याची मोजणी करायला त्याची बदली झाली. सोबत बायको आणि तीन वर्षांची मुलगी. माणूस सज्जन, पण दिसेल ते मोजतो. पहिल्याच भेटीत त्याने सांगितलं की आपल्या दोन घरांमधली भिंत अवघी साडेचार इंचांची आहे. मला उगीचच राग आला. तेवीस वर्षं आपण दोघी तिच्यातून बोललो, आणि हा मला तिची जाडी सांगतोय!

आता सवय असते ती हाताला, डोक्याला नव्हे. ते आल्यावर तिसऱ्याच दिवशी, चार वाजता, मी चहा उतरवला आणि तुम्हाला बोलवायचे तसं भिंतीवर दोनदा ठोकलं. पलीकडचा रेडिओ बंद झाला. मला वाटलं, योगायोग. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात गेला, तर भांड्यांचा आवाज थांबला. रविवारी मोजणीदार दारात. आमचा काही त्रास होतो का, असं त्याने इतक्या अदबीने विचारलं की खरं सांगायची लाज वाटली. शेजारीण गेली तरी मी अजून दोन कप चहा टाकते, हे कोणत्या तोंडाने सांगू? ('गेली' म्हटल्यावर त्याने भलताच अर्थ घेतला असता. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो.) म्हणून म्हटलं, हो, जरा आवाज येतो.

झालं. त्या घराने मांजराची पावलं धरली. पोर चवड्यांवर चालायला लागली. शिंक आली तर ती माणसं तोंडावर उशी धरत असावीत. मला आवाजच तर हवा होता सिस्टर, आणि मीच तो बंद करून बसले. दुपारी मशीन थांबवलं की पलीकडून काही म्हणजे काही यायचं नाही. तुमचं ते खाकरणं, कपाटाचं दार तीनदा आपटणं, याचा मला एके काळी वैताग यायचा. आता कबूल करायला हरकत नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी पडदा लावायला स्टुलावर चढले (तुम्ही फेकून द्यायला सांगितलेलं, तेच) आणि स्टूल एकीकडे, मी दुसरीकडे. पाऊल टेकवेना. कळ अशी, की तोंडातून हाक फुटेना. भिंत हाताशी होती. ठोकली. पलीकडे नळ बंद झाला. जोरात ठोकली. पंखा बंद झाला. कात्रीच्या मुठीने ठोकली, तेव्हा मुलीचं गाणं मधेच थांबलं. मी जितकं बोलवावं, तितकी ती बिचारी माणसं गप्प होत गेली.

अर्ध्या तासाने मोजणीदाराची बायको दार ढकलून आत आली. डोळे लाल.

"काकू, आता आम्ही श्वाससुद्धा घ्यायचा नाही का?"

मग तिला मी जमिनीवर दिसले. भांडायला आलेलं माणूस बघून मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

तिने मला डॉक्टरांकडे नेलं, पायाला प्लास्टर घालून परत आणलं, आणि चहा टाकला. मी तिला सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती ढवळता ढवळता थांबली.

"त्या साखर किती घ्यायच्या?"

दीड चमचा, म्हटलं, लेकीला चोरून. आणि मला रडू आलं. पाय फार दुखत होता.

आता पलीकडे रेडिओ लागतो, पोर धपाधप पळते. छान वाटतं. पण तो आवाज त्यांचा आहे. चार वाजले की हात भिंतीकडे जायला लागतो, मग मी तो मांडीखाली दाबून बसते.

असो. मी उत्तम आहे. काळजी करू नये, आणि यायचा विचार तर मुळीच करू नये. एवढा लांबचा प्रवास, त्यात तुमचा गुडघा.

तुमची,
भिंतीअलीकडची

ता. क. : तुमच्याकडची बस आता थेट आपल्या कोपऱ्यावर थांबते. सकाळी सातला बसलं की दुपारी इथे. सहज माहितीसाठी कळवलं.

आणखी एक : प्लास्टर बावीस तारखेला काढणार आहेत. घरचं कोणी आहे का सोबत यायला, असं डॉक्टरांनी विचारलं. मी 'आहे' म्हणून सांगून बसले आहे.