इस्तू ज्याच्या चुलीचा

बेडशाची वरली वाडी,
ता. मावळ, जि. पुणे
१९ मार्च १९७४

चिरंजीव कोंडूस, सावित्राआक्काचा आशीर्वाद.

हितं समदी खुशाल हायेत. तांबडी गाय येली, पाडी झाली. चिमामावशीचं गुडघं अजून बोंबलत्यात आन् मावशी त्याहून जास्त. तू लोणावळ्यात बरा असशील. कचेरीत खुर्ची मिळाली असं बारकू सांगत व्हता. ऐकून बरं वाटलं.

बारकूनं तुझा अर्ज आणून दिला. अक्षर लय वळणदार हाय तुझं. पण माझ्या नावापुढं 'निशाणी डावा अंगठा' लिवून चौकोन सोडलास, त्यो कुणासाठी रं? गुरुजींच्या रातच्या वर्गात दोन सालं पाटी घासली म्या. पंचायतीत बायांच्या जागेवर बसते, दर ठरावावर सही करते. सख्ख्या भावाला एवढंबी ठावं न्हाई? हे पत्र माझ्याच हातचं हाय. चुकलं असंल तितं हसू नगंस.

तर ऐक. अंगठा देणार न्हाई आन् सहीबी देणार न्हाई.

अर्जात तू लिवलंस की मोटारीत झोपणाऱ्या गोऱ्या लोकांनी आमचा माळ जाळला, शिदूची गवताची गंजी जाळली, म्हणून हितून पुढं बाहेरच्या कुणीबी वाडीच्या हद्दीत रातचा मुक्काम करू नये, केला तर पोलिसांत द्यावं. बाहेरच्या कुणीबी! म्हंजी गोरख धनगर दर साली मेंढरं घिऊन माळावर उतरतो, त्यालाबी पोलिसांत द्यायचं? आन् तू तरी कोण रं आता? दोन सालं झाली वाडीत निजला न्हाईस. तुझ्याच अर्जापरमाणं तू बाहेरचा. आलास तर तुला कुटं निजवू?

नियम नको असं म्या म्हणत न्हाई. पायजेच नियम. लेण्याकडं मोटारी येत्यात, कुणी टाक्याच्या पाण्यात साबण लावून कापडं धुतं, कुणी बाटल्या फोडून जातं, गुरांच्या पायांत काचा घुसत्यात. माझ्याबी पायात घुसलीय. पण नियम आपल्यात हायेच की! आपले आबा असताना तूच त्यांच्यासंगं माळावर जायचास. माळावर मुक्काम करायचा तर वाडीतल्या एका घरी जाऊन चुलीतला इस्तू मागायचा. काडी वढायची न्हाई. ज्याच्या चुलीचा इस्तू, पाहुणा त्याच्या अंगावर. गवत उपटून जागा घरच्यानं करून द्यायची, पाणी कुटलं घ्यायचं ते दावायचं, आन् सकाळी इस्तवावर पाणी त्यानंच वतायचं. आपल्या चुलीचा इस्तू पाहुण्यानं इझवायचा नसतो, घराचा अपमान व्हतो. हे लिव की तुझ्या कागदावर! कचेरीत बसून चांगलं वळणदार लिव.

त्या पांढऱ्या मोटारीवाल्यांनी इस्तू मागितला व्हता. त्यांची भाषा मला कळंना, माझी त्यांना. बाईनं केसं बाप्यासारखी कापलेली आन् बाप्याची पाठीवर सोडलेली, आपली चिंगी पोरगी तर हसून लोळायला लागली. पण हातवाऱ्यानं समदं सांगितलं तर शाण्या लेकरांवाणी ऐकलं. साबण टाक्यात नेला न्हाई. मोटारीत गादी, मोटारीतच मोरी, तरी भाकरी माझ्याच घरची गोड लागली. दोन दिस राह्यली.

पुढचं लिवाया नको वाटतंय. पण लिवते.

इस्तू माझ्या चुलीचा व्हता, कोंडू.

निघायच्या सकाळी त्या बाईनं बादली उचलली पाणी वतायला. म्या तिचा हात धरला. म्हटलं, तू न्हाई, म्या. तिला कळलं. हात जोडून गाडीत बसली बिचारी. मोटार गेली. म्या पाणी आणाया घरी आले तर तुझ्यासाठी केलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधलेल्या दिसल्या. कामशेतावरनं लोणावळ्याची गाडी चुकंल म्हणून जीव वरखाली झाला. म्हटलं, नुस्ती राख तर हाय, आल्यावर वतू. आन् तशीच निघाले तुला बघाया.

तो दिस आठवतोय का? कचेरीच्या वसरीला बसले व्हते. सायबानं इचारलं, "कोण हो ह्या?" तू म्हणलास, "गावाकडची बाई हाय, साहेब." आक्का म्हणला न्हाईस. दुपार कलल्यावर बाहेर आलास, भाकऱ्या घेतल्यास आन् आत गेलास. आई गेली तवा तुला कडेवर घिऊन म्या नाचणीच्या रोपांत वाकले. ती म्या गावाकडची बाई.

परतले तवा माळ काळा पडलेला. दुपारचा वारा सुटला आसंल. शिदू गंजीच्या राखंपुढं डोकं धरून बसलेला. जो तो म्हणत व्हता, मोटारवाल्यांनी जाळलं, चाकांचं वळ हायेत. म्या तोंडात गुळणी धरून बसले. पंच असून! बारा दिस बसले. मग तुझा अर्ज आला आन् वाचताना माझीच मला शिसारी आली. चोर सोडून संन्याशाला सुळी, तीबी सरकारी कागदावर. तुझ्या सायबाला हा अर्ज कवाचा पायजे व्हता म्हणं. माझ्या चुकीवर तुला शाबासकी मिळणार व्हती, न्हाई का?

न्हाई मिळायची.

आज सकाळी माझ्या गंजीतलं निम्मं गवत शिदूच्या दारात टाकलं. तो म्हणला, "आक्का, हे का?" म्हटलं, रविवारी सांगते. रविवारी पंचायत हाय. समद्यांपुढं उभी राहून सांगणार हाय की इस्तू माझा, पाणी वतायचं माझं, वतलं न्हाई ते म्या. माझी पंचाची जागा काढून घ्यायची तर घ्यावी. मग नियम मांडणार, आबांचाच, आन् त्याखाली पयली सही माझी.

तुझा अर्ज या पत्रासंगं परत धाडते. चौकोन कोराच हाय. भाकऱ्या खाल्ल्यास का, तेवढं कळव. सायबानं इचारलं, पत्र कुणाचं, तर या खेपंला नीट सांग. जमत नसंल तर खालची ओळ वाचून दाव.

कोंडूची थोरली सख्खी बहीण,
सही: सावित्राबाई
(अंगठा न्हाई)