अक्षर-आकड्यांचं फोल्डर

मंगळवार, चौसाळा

सकाळी स्टुडिओत सुमन आली. ऊसतोडीला, कोयत्यावर जायच्या आधी मी काढलेला सासूचा फोटो हवा होता. "म्हातारी गेली ताई. तेवढाच एक फोटो हाय."

तो मीच पुसला होता, कॉम्प्युटरवर जागा नव्हती म्हणून. आणि कॉम्प्युटरच्या अपडेटनं मागं टाकलेलं, फुकट जागा अडवून बसलेलं ते अक्षर-आकड्यांच्या नावाचं फोल्डर? त्याला तीन वर्षं हात लावला नाही. मशीन बंद पडेल म्हणून भ्यायले!

आज बसलेच. ते फोल्डर पुसायला गेले तर कॉम्प्युटर म्हणे, परवानगी नाही. माझ्याच मशीनवर? नवरा म्हणाला, "लई शहाणपणा नको." तरी परवानगी बदलली, पुसलं. मशीन ठणठणीत चालू आहे. जागाच जागा झाली.

सुमनला "शोधून ठेवते" म्हणाले होते. उद्या तिच्या दारात जाऊन खरं सांगायचं.