नदीपलीकडची कामं

२ जून
शाळेच्या आवारातल्या झाडांचं काम मिळावं म्हणून भरायच्या अर्जातला एक रकाना कोराच राहिला. 'आपल्या व्यवसायामुळे पर्यावरणाची होणारी हानी कमी करण्यासाठी आपण काय करता?' मी झाडांची डॉक्टर! दिवसभर लोकांना सांगत फिरते – हे झाड ठेवा, ती फांदी काढा, बुंध्याभोवती सिमेंट नको. आणि स्वतः? तासभर पेन चावत बसले. काही सुचेना.

३ जून
लेकीनं गाडीची वही काढली आणि वर्षभराच्या फेऱ्या मांडल्या. "आई, निम्म्याहून जास्त डिझेल तू नदीपलीकडे जाळतेस!" खरंय. तीन वर्षांपूर्वी तिकडचं एकही काम नव्हतं. मग एकामागून एक यायला लागली. मी आपली खूश – नाव झालं म्हणून!

८ जून
झाडांना खिळ्यानं ठोकायचे प्लास्टिकचे बिल्ले बंद. आता पत्र्याचे, सुतळीनं बांधायचे, काम झालं की सोडून परत आणायचे. अहवालाच्या तीन रंगीत प्रतींऐवजी एकच, पाठपोट. छाटलेल्या फांद्यांचा भुगा ट्रकनं बाहेर पाठवायचा नाही, त्याच झाडाच्या बुंध्याशी पसरायचा. आणि गावातली कामं सायकलवर.
नवरा म्हणाला, "डॉक्टरीणबाई, शिडी काय डोक्यावर घेणार?" म्हटलं, शिडी लागेल तेव्हाच गाडी.
संध्याकाळी गुडघे बोलायला लागले. पण रोजच्या रस्त्यावरचं एक झाड वरून वाळत चाललंय, ते आज पहिल्यांदा दिसलं. गाडीतून कधी दिसलंच नव्हतं.

१३ जून
नदीपलीकडच्या कामांचं काय करायचं ते सुटत नव्हतं. जेवताना लेक सरळ म्हणाली, "मामा तिथेच राहतो ना? त्याला देऊन टाक."
म्हटलं, जेव आधी.
दादाचंही हेच काम. बुंध्यावर हातोडी मारून आतलं ऐकायला मला त्यानंच शिकवलं. सहा वर्षांपूर्वी एका दवाखान्याच्या आवारातलं झाड त्यानं धडधाकट ठरवलं. त्यांनी दुसरं मत म्हणून मला बोलावलं. मी लिहिलं – आतून पोकळ, पाडा. पाडलं, तर हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी पोकळी! माझं बरोबर होतं. पण भरल्या बैठकीत, त्याच्यासमोर, मोठ्यानं वाचून दाखवायची काय गरज होती? तेव्हापासून बोलणं नाही.

१४ जून
फोन हातात घेतला. ठेवला.

१५ जून
केला! त्यानंच उचलला.
"बोल."
"दादा, तुझ्या बाजूची कामं तू घे. माझी ये-जा वाचेल, डिझेल—"
"मला नकोत."
"अरे, मी काही उपकार करत नाहीये तुझ्यावर—"
"तूच कर ती." ठेवूनच दिला!
अस्सा राग आला! सहा वर्षांनी मी कमीपणा घेते, आणि ह्याचा ताठा तसाच. लेकीला म्हटलं, मामाचं नाव काढू नकोस.

१७ जून
राग उतरला. आज दिवसभर सायकल. चार झाडं बघितली, चारही ठीक.
फेऱ्या मात्र थांबायलाच हव्यात. दादाला विचारायचंच कशाला? गिऱ्हाइकांनाच सांगते – जवळचा माणूस बोलवा म्हणून.

१८ जून
नदीपलीकडच्या बागेच्या व्यवस्थापकांना फोन लावला. म्हटलं, तुमच्यापासून दहा मिनिटांवर माझा भाऊ आहे, यापुढे त्याला बोलवत जा. ते म्हणाले,
"अहो, तुमचा नंबर त्यांनीच तर दिला आम्हाला! इथल्या सगळ्यांनाच. तीन वर्षं झाली. म्हणाले, मला आता झाडाचा शेंडा दिसत नाही, माझ्या बहिणीला बोलवा. ती चुकीचं लिहीत नाही."

वहिनीला कळवलं – उद्या येतेय. बसनं. मुक्कामाला.