नाव न घेणाऱ्या बायका

सोम. ४ फेब्रु. ७४
नर्सिंगच्या वर्गातून आज थेट वॉर्डात. पुरुष सर्जिकल. वर्गात मोसंबीला सुई टोचून शिकलो. मोसंबी ओरडत नाही. पहिल्याच पेशंटनं विचारलं, "पोरी, येतंय का गं तुला?" म्हटलं, "येतंय की! दंड सोडा." टोचलं. ओरडला नाही. जमेल.

बुध. ६
घातला घोळ. दोन पेशंटनी खिडकीपायी खाटा बदलल्या, मला काय ठाऊक! सुईआधी नाव विचारायचं, हे पाठ. पण पेशंट गुंगीत, म्हणून बायकोला विचारलं. ती पदर तोंडाशी धरून गप्प. धन्याचं नाव कशी घेईल? मीच म्हटलं, "नारायण ना?" तिनं मान हलवली. टोचलं. निघाला दुसराच! अगं बाई, ती मान लाजेची होती. ताकदीचं औषध होतं म्हणून निभावलं. लगेच सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणखी एक चूक, की वडिलांना पत्र. घेऊन जा म्हणावं."
आबांना तेच हवंय. वैरागचं स्थळ बघून ठेवलंय. पोटभर रडले. मग स्वतःचाच राग आला. नाही जायची मी परत घरी, मंगळवेढ्याला.

शनि. ९
युक्ती सापडली. बाईला तिच्या नवऱ्याचं नाव विचारायचंच नाही, शेजारच्या खाटेवाल्याच्या बायकोला विचारायचं. दुसरीचा नवरा म्हटलं की तोंड मोकळं! आडनाव, गाव, खोड्या, सगळं सांगतात. तेलुगू विणकर बायकांचंही तेच. सिस्टर लांबून बघत होत्या.

मंगळ. १२
दुपारी सिस्टरबरोबर अपघात विभागात. ट्रक उलटून दोघं आले, दोघंही बेशुद्ध, रक्त खूप गेलेलं. एकाबरोबर बायको, माढ्याकडची. बाकी ओळखीचं कुणी नाही, शेजारीण कुठून आणू? डॉक्टर ओरडले, "बाई, नाव सांगा! माणूस जाईल!" तिनं ओठ आणखीच घट्ट मिटले. नुसती, "आमचं धनी, आमचं धनी..."
सिस्टर म्हणाल्या, "अनोळखी लिही नि रक्ताचा नमुना पाठव."
दोन्ही नळ्यांवर अनोळखी? नि याचं रक्त त्याला चढलं तर? म्हटलं, "नाही लिहिणार." कुठून आलं धाडस, देव जाणे.
तिच्यापाशी खाली बसले. "काकू, उखाण्यात घ्या."
"हितं?"
"हितंच."
डोळे मिटले तिनं.
"काळ्या रानात जोंधळ्याचा भरला टपोरा दाणा,
सिद्रामरावांचं नाव घेते, त्यास्नी घरला आणा."
मला अक्षर दिसेना, तरी लिहिलं. सिद्राम.

गुरु. १४
रक्त बरोबर माणसाला चढलं. शुद्ध मात्र नाही. सिस्टरनी बोलावलं. "सगळ्यांदेखत माझा शब्द डावललास. वडिलांना पत्र टाकलंय. तुला ठेवायचं की नाही, ते मेट्रनबाई ठरवतील."
"पुन्हा वेळ आली तर पुन्हा तसंच करीन, सिस्टर."
बाहेर आल्यावर वाटलं, जीभ माझी! पण खरं तेच बोलले.

रवि. १७
आबा आले. सुगी सोडून, सकाळच्या एस्टीनं. जिन्यापाशीच म्हणाले, "चल. लई झालं शिक्षण." म्हटलं, मेट्रनबाईंचा निर्णय व्हायचाय. "त्यांचं त्या बघतील. ट्रंक कुटं हाय?"
सिद्रामची बायको व्हरांड्यात बसलेली. उठली. परक्या पुरुषासमोर पदर पुढे ओढला, पण आवाज खणखणीत. "हिला नेऊ नका, दादा. आजून माझा माणूस उठला न्हाय."
आबा तिच्याकडे बघतच राहिले. मग टोपी काढली नि तिथंच पायरीवर बसले. ट्रंकेचं पुन्हा काढलं नाही.
सिस्टर माझ्याच निर्णयासाठी मेट्रनबाईंकडे गेल्यात, अजून आल्या नाहीत. माझी दोनची ड्यूटी आहे. जाते.